थंड पाण्याचा मासा आणि सिहोऱ्याचा मे महिना

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मुलीच्या वाढदिवसाला आम्ही दोन गोल्डफिश आणले. शहरातल्या एका दुकानात काचेचा गोल बाऊल, मूठभर रंगीत खडे, खाद्याची पुडी आणि दोन नारिंगी मासे असं सगळं मिळून सहाशे रुपयांत आलं. दुकानदार म्हणाला, "कोल्ड वॉटरचे आहेत. हीटर नको, पंप नको. दिवसाला चार दाणे टाका, बस." होळीपर्यंत छान चाललं. एप्रिल तापू लागला तसे दोघेही तोंड पाण्याबाहेर काढून हवा गिळू लागले. आम्ही रोज पाणी बदललं, बाऊल सावलीत हलवला, तरी अक्षय तृतीयेनंतर चार दिवसांच्या अंतराने दोघेही गेले. मुलीने तुळशीजवळ खड्डा केला. आपण दाणे जास्त टाकले म्हणून मासे मेले, असं तिला कितीतरी दिवस वाटत होतं.

दाण्यांचा त्यात दोष नव्हता. मासा चुकीचा होता, भांडं चुकीचं होतं आणि दुकानात मिळालेला सल्ला भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या सिहोऱ्याच्या हवेसाठी नव्हता. त्यानंतर मी नीट चौकशी केली, वाचलं, पुन्हा टाकी मांडली. कोणता मासा आपल्याकडे टिकतो आणि त्याला खरोखर किती पैसे लागतात, ते इथे लिहितो आहे. भाव ढोबळ आहेत. गाव, दुकान आणि हंगाम बदलला की पाच-पंचवीस टक्के इकडेतिकडे होतात.

'कोल्ड वॉटर' या पाटीचा अर्थ

हा शब्द थंड देशांतून आलेला आहे. तिथे हिवाळ्यात घरातलं पाणीही बरंच गार पडतं, त्यामुळे उष्ण प्रदेशातले मासे ठेवायचे तर टाकीत हीटर लावावा लागतो. ज्या माशांना तो लागत नाही ते कोल्ड वॉटरचे. पाटी एवढंच सांगते. त्या माशाला उन्हाळा किती सोसतो, याबद्दल ती काहीच सांगत नाही.

आता आपलं गाव बघा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे बाहेर पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरला तरी दारं-खिडक्या लावलेल्या घरात भांड्यातलं पाणी सहसा १८-२० अंशांच्या खाली जात नाही. मे महिन्यात मात्र बाहेर ४४-४५ अंश असतात. कौलारू, मातीच्या भिंतींच्या घरात टाकीचं पाणी ३०-३१ वर राहतं. स्लॅबच्या घरात, विशेषतः वरच्या मजल्यावर, ते ३४-३५ पर्यंत चढतं. मे अखेरच्या, सर्वांत तापणाऱ्या नवतपाच्या दिवसांत तर रात्रीही फारसं उतरत नाही. म्हणजे आपल्याकडे माशाची परीक्षा थंडीत होत नाही, उन्हाळ्यात होते. दुकानात उभं राहून "हीटर लागतो का?" असं विचारण्यापेक्षा "३३ अंशांच्या पाण्यात हा महिनाभर राहील का?" असं विचारायला हवं.

गरम पाण्यात मासा का गुदमरतो, ते एकदा समजून घेतलं की पुढचा सगळा खर्च कशासाठी आहे ते आपोआप कळतं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३५ अंशांना तो ७ मिलिग्रॅमच्याही खाली येतो. पाणी तापलं की माशाच्या शरीराचं कामही जलद चालतं, त्यामुळे त्याला प्राणवायू जास्त लागतो. गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. शिवाय माशाच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या दाण्यांतून तयार होणारा अमोनिया गरम पाण्यात जास्त विषारी ठरतो. गोल बाऊलचं तोंड अरुंद असतं, हवा आणि पाणी जिथे भेटतात तो पृष्ठभागच लहान. पाच-सात लिटर पाणी दुपारी दोन तासांत तापतं. आमचे मासे याच सापळ्यात अडकले होते.

म्हणून पहिली खरेदी माशाची करू नका, थर्मामीटरची करा. टाकीत लावायचा साधा काचेचा थर्मामीटर ६० ते १५० रुपयांना मिळतो. जिथे टाकी ठेवायचा विचार आहे तिथे पाण्याने भरलेली बादली ठेवा आणि आठवडाभर दुपारी चारला आणि पहाटे पाचला आकडा लिहून ठेवा. घरातली सर्वांत गार जागा कोणती, ते याच शंभर रुपयांत कळतं. आमच्याकडे ती जागा माजघरात निघाली, बैठकीच्या शोकेसमध्ये नाही.

गोल्डफिशचा खरा हिशेब

गोल्डफिश सुंदर आहे, शांत आहे, माणसाला ओळखतो. चीनमध्ये हजार वर्षांपूर्वीपासून लोक त्याला पाळत आले आहेत. त्याच्यावर माझा राग नाही. पण दुकानात दिसणारा दोन इंची मासा हे पिल्लू असतं. शेपटी लांब असलेला साधा कॉमेट एक फुटाच्या आसपास वाढतो, गुबगुबीत ओरांडा किंवा फॅनटेलही सहा-आठ इंच होतो. नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. त्याला १८ ते २४ अंशांचं पाणी मानवतं. तो खातो भरपूर आणि पाणीही तितकंच घाण करतो.

दोन गोल्डफिश जन्मभर सांभाळायचे तर तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी लागते, म्हणजे सुमारे १६० लिटर पाणी. जाड काचेची अशी टाकी चार हजारांच्या आसपास, पाण्यासकट दोनशे किलोचा भार पेलणारा लोखंडी स्टँड अडीच हजार, दमदार फिल्टर बाराशे, हवेचा पंप तीनशे, वाळू चारशे आणि बाकी किरकोळ सहाशे. बेरीज नऊ हजार. त्यात मासे अवघे साठ रुपयांचे! उन्हाळ्यात एवढं पाणी २६ अंशांच्या आत ठेवायला चिलर घ्यायचा तर तो पंधरा-वीस हजारांच्या पुढे, शिवाय विजेचं बिल वेगळं.

ज्यांना गोल्डफिशच हवा आहे त्यांच्यासाठी एक देशी मार्ग आहे. अंगणात दिवसभर सावली असेल, आंब्याची किंवा कडुनिंबाची, तर तिथे दोन-अडीचशे लिटरची सिमेंटची नांद किंवा टाकं मांडा. नवं सिमेंट चुना सोडतं, त्यामुळे दोन-तीन आठवडे पाणी भरून, ओतून, पुन्हा भरून ती मुरवावी लागते. भोवती पोती ओली ठेवली तर बाष्पीभवनाने पाणी काही अंश गार राहतं, माठाचंच तत्त्व. नांद, पंप, वर मांजर-खंड्यापासून वाचवायला जाळी, असा खर्च अडीच-तीन हजारांत बसतो. तरीही नवतपात जीव मुठीत धरूनच राहावं लागतं. घरात लहान टाकी ठेवायची असेल तर गोल्डफिश मनातून काढून टाका, हे मी अगदी ठामपणे सांगेन.

दुकानदार 'कोल्ड वॉटर' म्हणून आणखी दोन मासे दाखवतो. एक व्हाइट क्लाउड. हा दीड इंची, नाजूक, चमकदार मासा चीनमध्ये ग्वांगझूजवळच्या डोंगरातल्या ओढ्यांचा. १४ ते २२ अंशांत तो खूष असतो, म्हणून महाबळेश्वर-पाचगणीच्या घरात शोभेल. वैनगंगेच्या खोऱ्यात त्याचे हाल होतात. दुसरा कोई. तो कार्पच्या कुळातला, आपल्या रोहू-कतल्याचा भाऊबंद, दोन फूट वाढतो. त्याला तळं लागतं, टाकी नाही.

धानाच्या बांधीतला मासा

मग ठेवायचं काय? मी झेब्रा डॅनिओ सुचवतो आणि पहिल्यांदा टाकी मांडणाऱ्याला आधी हेच नाव सांगतो.

दीड-दोन इंचाचा, चंदेरी अंगावर निळ्या आडव्या रेघा असलेला हा मासा परदेशातून आलेला नाही. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांवरच्या आपल्या पुस्तकात त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. भारत, नेपाळ आणि बांगलादेशातले उथळ ओढे, डबकी आणि धानाच्या बांध्या हे त्याचं घर. बांधीतलं पाणी काय सोसतं ते सिहोऱ्यात कुणाला समजवायला नको. हिवाळ्यात पहाटे गार, उन्हाच्या दुपारी कोमट, कधी गढूळ, कधी घोटाभर. अशा पाण्यात घडलेला मासा असल्याने १८ ते २८ अंशांत तो मजेत राहतो आणि हळूहळू सवय झाली तर ३३-३४ अंशांचे दिवसही काढतो. जगभरच्या प्रयोगशाळांत आज हा मासा आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्याच्या हृदयावर काम चालतं, कारण इजा झालेलं हृदय तो पुन्हा भरून काढू शकतो. दुकानात मात्र त्याची किंमत १० ते २० रुपये.

तो थव्याने राहतो. एकटा-दुकटा ठेवला तर भेदरतो किंवा दुसऱ्याचे पर कुरतडतो. सहाच्या खाली घेऊच नका, आठ-दहा उत्तम. तीन-चार वर्षं जगतो. उड्या मारतो, म्हणून टाकीला झाकण हवंच. दुकानात भडक गुलाबी, हिरवे, केशरी झेब्रेही दिसतील. ते जनुकांत बदल करून बनवलेले असतात, त्यांना हात लावू नका. रंग टोचलेले काचेसारखे पारदर्शक मासेही तसेच. ते फार जगत नाहीत, आणि त्यांना तो रंग सुई टोचून दिलेला असतो, हे मुलांनाही सांगा.

झेब्र्यांच्या जोडीला किंवा त्यांच्याऐवजी गुरामी चालेल. या माशाची गंमत अशी की कल्ल्यांबरोबर डोक्यात हवा साठवायचा एक कप्पा त्याला असतो. वर येऊन तो थेट हवेतला श्वास घेतो. आपल्या मरळ, शिंगी, मागूर यांना जमतं तेच. तळं आटल्यावर चिखलात मरळ कशी जिवंत राहते ते इथल्या मासेमारी करणाऱ्या ढीवर बांधवांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. उन्हाळ्यात पाण्यातला प्राणवायू घटला, वर वीजही गेली, तरी गुरामी तग धरतो. हिवाळ्यात मात्र तो मलूल होतो, २० अंशांच्या खाली त्याला थंडी बाधते. लहान जातीच्या ड्वार्फ गुरामीची जोडी शंभर ते दोनशे रुपयांना मिळते. दोन नर एका टाकीत ठेवू नका, भांडतात.

गुलाबी झाक असलेला रोझी बार्बही आपल्याच देशातला, टणक, २० ते ४० रुपयांचा. पण तो तीन इंचांपर्यंत वाढतो आणि दिवसभर धावतो, म्हणून दोन फुटी टाकीत त्याला कोंडल्यासारखं होतं. तीन फुटांची टाकी असेल तर अवश्य घ्या.

गप्पीला एक पैसाही लागत नाही, असं म्हटलं तरी चालेल. डास आटोक्यात ठेवायला आरोग्य विभाग गप्पी पाळतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी केली तर ओंजळभर मिळू शकतात. हे साधे, राखाडी गप्पी दुकानातल्या झगमगीत शेपट्यांच्या गप्पींपेक्षा कितीतरी चिवट असतात. एकच सावधगिरी. मादी महिन्याला पिल्लं देते. आठ आणले तर दिवाळीपर्यंत ऐंशी होतात. फक्त नर घ्या, किंवा पिल्लं घराच्या हौदात सोडायची व्यवस्था आधी करा. हौद म्हणजे बंदिस्त हौद. बोडीत किंवा ओढ्यात नाही.

आणखी एक खास आपल्याकडची गोष्ट. पावसाळ्यात मरळीची केशरी पिल्लं थव्याने दिसतात आणि पोरं ती बाटलीत भरून आणतात. रंग मोहात पाडणारा असतो, पण तो महिन्याभरात जातो आणि मागे उरतो तो शिकारी मासा. टाकीतलं सगळं खाऊन झालं की तो उडी मारतो. चांदपूर तलावातली किंवा गावतलावातली मासोळी आणायची तर मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतात, हेही लक्षात ठेवा. विचारून घेतलं तर ओंजळभर लहान माशांना कुणी सहसा नाही म्हणत नाही.

टाकी आणि तिचा खर्च

घरात ठेवायची लहान टाकी म्हणजे माझ्या लेखी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावतं, म्हणजे ही टाकी ५६ लिटरची. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर ४५ लिटर. यापेक्षा लहान टाकी स्वस्त पडते आणि लवकर तापते. उंच, अरुंद टाकीपेक्षा पसरट बरी, कारण हवेला भिडणारा पृष्ठभाग मोठा मिळतो. पाच मिलिमीटर काचेची अशी टाकी तयार घेतली किंवा काचकाम करणाऱ्याकडून सिलिकॉनने जोडून घेतली तर साधारण १,२०० रुपये पडतात. घेताना चोवीस तास पाणी भरून गळती तपासा.

झाकण आणि छोटा एलईडी मिळून ५००. टाकीखाली थर्माकोलचा पत्रा ५०. हवेचा पंप २५०, स्पंज फिल्टर १५०, नळी आणि परतझडप ५०, एकूण ४५०. सहा किलो वाळू १५०. नदीची वाळू आणली तर पाणी नितळ होईपर्यंत धुवा आणि त्यावर लिंबू पिळून बघा. फसफसली तर तिच्यात चुना आहे, वापरू नका. थर्मामीटर १००, जाळी ४०, क्लोरीन मारायचं औषध ५०, खाद्य ८०, अमोनिया तपासायच्या पट्ट्या ४००. आठ झेब्रे १२०. सगळं मिळून ३,१४० रुपये. खरेदीसाठी नागपूरला एसटीने जाण्यायेण्याचा खर्च चारशे धरला तर ३,५४०. भरलेली टाकी सत्तर-पंच्याहत्तर किलो भरते. घरात पक्का ओटा किंवा फडताळ नसेल तर लोखंडी स्टँडचे १,२०० त्यात मिळवा.

या यादीत कुठे काटकसर करावी आणि कुठे करू नये, ते सांगतो. रंगीत खडे, प्लास्टिकची झाडं, बुडबुडे सोडणारा पाणबुड्या, टाकीमागचं समुद्राचं चित्र, हे चार-पाचशे रुपये सरळ वाचवा. हीटर घेऊ नका. अमोनियाच्या पट्ट्या महाग वाटतात, पण पहिल्या दीड महिन्यात मासे मरतात ते बहुतेक याच न दिसणाऱ्या विषाने, म्हणून त्या घ्याच. स्पंज फिल्टर साधा दिसतो, पण त्याच्या छिद्रांत वाढणारे जिवाणू अमोनिया पचवतात. ते वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून टाकी मांडून पंप सुरू करा आणि मासे न सोडता रोज चिमूटभर खाद्य टाकत राहा. ओळखीच्या कुणाकडे जुनी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरचा स्पंज आपल्या टाकीत पिळून घ्या. काम निम्म्या वेळात होतं आणि त्याला पैसेही लागत नाहीत. स्पंज कधीही नळाच्या पाण्यात धुवू नका. टाकीतून काढलेल्या पाण्यात दोनदा पिळला की पुरे.

महिन्याचा खर्च ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. पाच वॉटचा पंप चोवीस तास चालला तर महिन्याला ३.६ युनिट, आठ वॉटचा दिवा रोज सहा तास लावला तर दीड युनिट. युनिटला सरासरी आठ रुपये धरले तर बिलात चाळीस रुपये वाढतात. खाद्य पंचवीस, औषध दहा. पंचाहत्तर रुपयांत महिना निघतो. शंभर वॉटचा हीटर रोज बारा तास चालवला असता तर एकट्याचेच २८८ रुपये झाले असते.

वीज जाते तेव्हाची तयारी मात्र वेगळी हवी. बॅटरीवर आपोआप सुरू होणारा छोटा पंप ३५० ते ५०० रुपयांना येतो. तो न घेता उन्हाळ्यात शिरू नका. पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं येऊन पंप जळतो.

पाणी

गावात पाणी शुद्ध करायला टीसीएल पावडर टाकतात. ज्या दिवशी नळाच्या पाण्याला तिचा वास येतो त्या दिवशी ते टाकीत घालू नका. बादलीत चोवीस तास उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातो. घाई असेल तरच औषध वापरा. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी जड असलं तरी झेब्रे आणि गप्पी निभावून नेतात. धानावर फवारणी चालू असताना कालव्याचं किंवा बांधीचं पाणी चुकूनही आणू नका. घरातही डासांचा स्प्रे मारताना पंप बंद करून टाकी झाका, कारण पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो.

आठवड्याला चौथा भाग पाणी बदला. सगळं पाणी एकदम काढून टाकी घासूनपुसून लख्ख करायची सवय आपल्याकडे फार आहे, आणि त्याच दिवशी सगळे उपयोगी जिवाणूही वाहून जातात.

झाडांसाठी दुकानात जायची गरज नाही. भंडारा-गोंदियाचे मामा (माजी मालगुजारी) तलाव हेच मोठं भांडार आहे. कोहळी लोकांनी बांधलेल्या या तलावांत हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया मुबलक वाढायच्या; माशांना अंडी घालायला त्याच वनस्पती लागतात, म्हणून भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढीवरांच्या सहकारी संस्थांबरोबर त्या तलावांत पुन्हा लावायचं कामही केलं आहे. आपल्याला चार-सहा काड्या पुरतात. तुरटीच्या पाण्यात काही तास बुडवून, धुऊन, पंधरा दिवस वेगळ्या बादलीत ठेवा म्हणजे जळवा आणि गोगलगाई टाकीत येणार नाहीत.

खरेदी कधी आणि कशी

दसऱ्यापासून होळीपर्यंत घ्या. एप्रिल-मेमध्ये कितीही मोह झाला तरी नको. बहुतेक शोभेचे मासे कोलकात्याकडून किंवा चेन्नईच्या कोलात्तूर भागातून लांबचा प्रवास करून आलेले असतात. त्यात उन्हाळ्याचा प्रवास म्हणजे अर्धा जीव गेलेलाच. दुकानात "माल कधी आला?" असं विचारा. काल आला असेल तर आठ दिवसांनी या. जो मासा दुकानातच आठवडाभर जगला तो घरी जगायची शक्यता खूप जास्त. टाकीत एखादा मेलेला मासा दिसला, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, पर अंगाला चिकटलेले दिसले, तर त्या टाकीतला एकही मासा घेऊ नका, फुकट दिला तरी. दाणे टाकून दाखवायला सांगा. निरोगी मासा झेपावतो.

'काच साफ करतो' म्हणून सकर मासा गळ्यात मारतात. तीस-चाळीस रुपयांचा तो मासा फूटभराहून मोठा होतो, काच फारशी साफ करत नाही, आणि कंटाळून लोक तो तलावात सोडतात. देशातल्या कित्येक जलाशयांत, आपल्या उजनी धरणातही, हा काटेरी मासा मच्छीमारांच्या जाळ्यांत येऊ लागला आहे. चांदपूरच्या तलावावर, बावनथडीवर किती घरांची चूल पेटते ते आपण जाणतो. टाकीतला कोणताही मासा, मेलेलासुद्धा, त्या पाण्यात जाता कामा नये. नको झाला तर दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. मेला तर जमिनीत पुरा.

नागपूरहून सिहोरा शंभरावर किलोमीटर. सकाळच्या गाडीने निघा. पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि बाकी प्राणवायू भरून घ्या, पिशवी थर्माकोलच्या डब्यात किंवा ओल्या टॉवेलात ठेवा. घरी आल्यावर पिशवी न उघडता वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, मग थोडं थोडं टाकीचं पाणी तिच्यात घाला आणि शेवटी मासे जाळीने उचलून सोडा. दुकानाचं पाणी टाकीत ओतू नका. पहिल्या दिवशी खाद्य नको.

एप्रिल ते जून

इथे सगळा खेळ आहे. मार्चच्या शेवटी टाकी घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात हलवा. भरलेली टाकी उचलू नका, पाणी उपसून मगच. कूलरच्या खोलीत असेल तर उत्तम, फक्त कूलरच्या टाक्यात डासांचं औषध टाकत असाल तर ते बंद करा. झाकण काढून त्या जागी बारीक जाळी बसवा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा सोडा. पाच वॉटचा यूएसबी पंखा दीडशे-दोनशे रुपयांना मिळतो, महिन्याला जास्तीत जास्त तीस रुपयांची वीज खातो आणि दोन-तीन अंश सहज उतरवतो. पाणी रोज कमी होईल, ते चोवीस तास उघडं ठेवलेल्या पाण्याने भरत राहा. दिवा बंदच ठेवा. खाणं निम्मं करा, तेही सकाळी. दुपारच्या उन्हात खाऊ घातलेला मासा जास्त गुदमरतो.

आकडा ३४ च्या वर गेला तर पाण्याने भरून गोठवलेली अर्ध्या लिटरची बाटली टाकीत तरंगत ठेवा. सुटा बर्फ टाकू नका. तासाभरात दोन अंशांपेक्षा जास्त उतार नको, एकदम गार पाण्याचा धक्का उकाड्यापेक्षा लवकर मारतो. मासे वर येऊन हवा गिळत असतील तर आधी पंप बघा, मग चौथा भाग पाणी बदला. सगळ्यांत धोक्याची वेळ दुपारची वाटते, पण ती पहाटेची असते: रात्रभर झाडंही प्राणवायू वापरतात, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी उरतो. रात्री पंप बंद करून झोपायची चूक करू नका, त्याचा आवाज कितीही झोप मोडत असला तरी.

आमच्याकडे आता आठ झेब्रे आहेत. गेल्या मे महिन्यात एक गेला, सात राहिले, पावसाळ्यात एक नवा आणला. मुलगी रोज पहाटे थर्मामीटर बघते आणि आकडा कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकटीत पेन्सिलने लिहिते. मागच्या नवतपातला सर्वांत मोठा आकडा ३२ आहे. त्याच्याखाली तिने आठवण लिहून ठेवली आहे: बाटल्या फ्रीझरमध्ये, दोन.